तळटीप : ‘२०९’ वर्गाची पाणबुडी

लेखकाने जिचा ‘जर्मन पाणबुडी’ असा मोघम उल्लेख केला आहे, ती ‘२०९’ वर्गाची नौका केवळ परराष्ट्रांच्या आरमारांकरिताच निर्माण झाली. ग्रीसने १९७१ साली ती प्रथम स्वीकारली, परंतु खुद्द जर्मन आरमारात ती कधीही दाखल झाली नाही. जलमग्न असता विद्युत्घटांत साठविलेल्या विजेवरच तिचा पंखा फिरत असल्यामुळे लाभणारी नीरवता हेच तिचे खरे सामर्थ्य होय. मात्र ते घट डिझेल एंजिनांनी पुन्हा भारित करावयाचे तर हवा हवी, म्हणून श्वसननलिका पाण्याबाहेर काढणे तिला भाग पडते, आणि शत्रूस तिचा सुगावा लागण्याचा धोका त्याच वेळी सर्वाधिक असतो. भारताने घेतलेल्या चार नौकांपैकी दोन मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यांतील ‘शाल्की’ १९९२ मध्ये नौदलात रुजू झाली. — संपादक