छत्री एक, टीव्ही दोन

१ ऑगस्ट १९७५ रोजी उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा ‘साइट’ प्रयोग सुरू झाला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचले. त्यासाठी जाळीची तीन मीटरची छत्री लागे. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता.

महाराष्ट्रातल्या हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावांना मासिक भाड्याविना उपग्रह वाहिन्या मिळण्याची सोय डिसेंबर २००४ मध्ये झाली, दूरदर्शनच्या मोफत डीटीएचमुळे. छत्री आता हातभर, तोंड आग्नेयेला.

दुसरा टीव्ही आला की सामान वाढते. सेट-टॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून छत्रीसमोरच्या ग्राहकाकडून, म्हणजे एलएनबीकडून, उभ्या वा आडव्या लहरी मागतो. एकाच तारेवर दोन बॉक्स जोडले आणि त्यांनी वेगवेगळ्या लहरी मागितल्या, तर त्यांच्या मागण्या एकमेकींत अडकतात. म्हणून सहसा दोन तोंडांचा एलएनबी आणि वेगळी केबल घेतात.