कंसातली पाने

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्याच्या दुसऱ्या कलमात गांजाची व्याख्या आहे. गांजा म्हणजे त्या झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. त्यापुढे कंस येतो: शेंड्यांची सोबत नसेल तर पाने आणि बिया वगळून. या कंसाच्या आधारावर वाराणसीत आणि जैसलमेरमध्ये सरकारमान्य दुकानांत भांग विकली जाते आणि त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला की माणूस कोठडीत जातो. झाड एक, गुंगी आणणारे द्रव्यही एकच, मात्रा कमीजास्त. मग फौजदारी कायद्याची रेघ नेमकी देठापाशी कशी आली?

गांजा कायदेशीर करावा की नाही, या वादात दोन्ही बाजू हा कंस गृहीत धरून बोलतात. एक बाजू भांगेचा दाखला देऊन कायद्याला ढोंगी ठरवते, दुसरी बाजू भांग ही परंपरा आणि गांजा हे व्यसन असे म्हणून मोकळी होते. कंस लिहिणाऱ्यांच्या डोक्यात ढोंग नव्हते आणि परंपराही बरीच उशिरा आली. त्याचे कूळ शोधू गेल्यास आपण बंगालच्या एका शेतात आणि लंडनच्या एका औषधाच्या दुकानात पोचतो.

शेत आधी पाहू. या जातीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादीला परागकण मिळाले की ती बी धरते आणि तिच्या शेंड्यातला चिकट राळेचा अंश उतरतो. म्हणून गांजा हवा असेल तर फुलोरा धरण्याआधी शेतातली नर झाडे एकूण एक उपटावी लागतात. राजशाही भागातल्या नौगावला (आज ते बांगलादेशात आहे) हे काम करणारे खास जाणकार होते. त्यांना पोद्दार म्हणत. पोद्दार ओळीओळीने फिरे, कोवळ्या झाडाच्या पेरावरून नर ओळखे आणि मोडून टाके. एखादा नर नजरेतून निसटला तर आजूबाजूच्या शेतकऱ्यांचाही माल बियाळ होई. नांगरट, खत, पाणी, पोद्दाराची मजुरी, मग कापणी आणि पायांनी तुडवून चपटा किंवा वळून गोल गांजा बनवणे, असा सगळा व्याप. थोडक्यात, गांजा हे नगदी पीक होते आणि नगदी पीक लपत नाही.

भांगेला यातले काहीच लागत नाही. हिमालयाच्या पायथ्याला, नदीकाठी, उकिरड्यावर हे झाड आपसूक उगवते. पाने ओरबाडली, वाळवली, वाटली की झाले.

कंपनी सरकारने १७९३ मध्ये बंगालमध्ये भांग, गांजा आणि चरस यांच्या विक्रीला कलेक्टरचा परवाना सक्तीचा केला, तेव्हापासून वसुली खात्याला हा फरक कळत गेला. १८०० मध्ये चरस सर्वांत घातक म्हणून बंद केला आणि १८२४ मध्ये तो इतरांपेक्षा जास्त घातक दिसत नाही म्हणून पुन्हा खुला केला. निर्णयामागे वैद्यकशास्त्र किती आणि तिजोरी किती, ते ज्याने त्याने ठरवावे. पुढे नौगावात परवान्याची शेते आणि सरकारी देखरेखीची गोदामे आली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. इथला गांजा नगर-साताऱ्याकडच्या शेतांतून येई. कर बसवता येतो तो मोजता येणाऱ्या मालावर. गांजावर तो जड बसला, पानांवर हलका, कारण रानातल्या पानांवर पहारा कोण ठेवणार? शेंडे आणि पाने यांच्यातली पहिली रेघ ही वसुलीच्या सोयीची होती.

आता लंडनचे दुकान. कलकत्ता मेडिकल कॉलेजात विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत होता. पुढे हिंदुस्थानात तारायंत्र उभारले म्हणून त्याचे नाव झाले, पण १८३९ मध्ये त्याने बाजारातला गांजा आणून आधी जनावरांवर आणि मग संधिवात, धनुर्वात, कॉलरा यांच्या रोग्यांवर वापरून पाहिला आणि निष्कर्ष वैद्यकमंडळीपुढे वाचले. दोन-तीन वर्षांत तो माल घेऊन इंग्लंडला गेला. तिथे पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क काढला आणि गांजा विलायती औषधांच्या यादीत शिरला.

अडचण अशी की लंडनच्या औषधविक्रेत्याला हे झाड ओळखू येत नव्हते. पेटीतून आलेल्या सुक्या काड्या खऱ्या की भुसकट? १८६० च्या दशकातल्या ब्रिटिश फार्माकोपियाने म्हणून खरेदीची अट घालून दिली: हिंदुस्थानात वाढलेल्या मादी झाडाचे सुके, फुललेले शेंडे आणि ज्यातली राळ काढून घेतलेली नाही असेच. शेवटची अट खास व्यापाऱ्यांसाठी होती. आधी राळ खरवडून चरस म्हणून विकायची आणि उरलेला चोथा औषध म्हणून साहेबाच्या गळ्यात मारायचा, असा धंदा कोणी करू नये म्हणून. गिऱ्हाईक फसू नये, एवढाच त्या वाक्याचा हेतू. आज तेच वाक्य तुरुंगाच्या दारावर आहे, हे मला या कुळकथेतले सर्वांत चमत्कारिक वळण वाटते.

मधल्या काळात आला हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल, ज्याचा दाखला कायदेशीरपणाचे समर्थक हटकून देतात. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाबद्दल प्रश्न आला आणि जुलैत सरकारने सात जणांचे कमिशन नेमले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग; मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमानी. १,१९३ साक्षी झाल्या. अहवालाचा उत्तम भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयी आहे. १८९२ मध्ये चोवीस इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदले होते. कमिशनने एकेक प्रकरण उकलून पाहिले, तर आकडा ९८ वर आला. रोग्याला आणणाऱ्या पोलिसाला कागदावरचा ‘कारण’ हा रकाना भरावा लागे. माणूस चिलीम ओढत असे असे कोणी सांगितले की रकाना भरला. त्या चुकीच्या रकान्यांवर वीस-तीस वर्षे वैद्यकीय मत उभे होते.

या अहवालाच्या परिशिष्टात मुंबईचे जमीनमहसूल, जकात आणि अफू खात्याचे कलेक्टर जे. एम. कॅम्पबेल यांचे भांगेच्या धर्माविषयीचे टिपण आहे. आपल्या जिल्ह्याचा इतिहास आपण अजून ज्या गॅझेटियरमधून काढतो, त्याचे संपादक तेच. महादेव, शिवरात्र, फकिरांचे तकिये असे सगळे त्यांनी इतक्या भाविकपणे लिहिले आहे की जकात अधिकारी लिहितो आहे हे विसरायला होते. वसुलीच्या सोयीने पडलेल्या रेघेला परंपरेचे गंध लागले ते इथे.

कमिशनने बंदी नाकारली. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, तेव्हा परवाना आणि कर यांच्या साहाय्याने नियंत्रण ठेवा, असे सुचवले. समर्थक इथे पुस्तक मिटतात. तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी, ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद यांनी, बहुमताशी असहमतीची टिपणे जोडली होती. गोरे अधिकारी परंपरेची बाजू लढवतात आणि हिंदी गृहस्थ नाही म्हणतात, हे चित्र आजच्या कोणत्याच बाजूला सोयीचे नाही.

१९२४-२५ मध्ये जिनिव्हाला अफूच्या व्यापारावर परिषद भरली असता इजिप्तचे प्रतिनिधी डॉ. मोहम्मद एल गिंदी यांनी चरसही यादीत घालण्याचा आग्रह धरला. यादीत घालायचे तर व्याख्या हवी. करारात जी आली ती म्हणजे मादी झाडाचे सुके, फुललेले किंवा फळलेले शेंडे, राळ न काढलेले. फार्माकोपियातली खरेदीची अटच ती. हिंदुस्थान सरकारने सामाजिक आणि धार्मिक रूढींची अडचण मांडली आणि आपोआप उगवणाऱ्या झाडावर बंदी पाळता येईल का, ही शंकाही. पाने यादीबाहेर राहिली.

१९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात मादीची अट गळाली आणि पाने-बिया वगळणारा तो कंस उघडपणे आला. गांजाचे बिगर-वैद्यकीय सेवन थांबवायला भारतासारख्या देशांना करार लागू झाल्यापासून, म्हणजे डिसेंबर १९६४ पासून, पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. एनडीपीएस कायदा अमेरिकेच्या दबावामुळे झाला असे हमखास ऐकू येते. दबाव असेलही, पण १९८९ ही तारीख करारात आधीच ठरून गेली होती. १९८५ च्या नोव्हेंबरात कायदा लागू झाला आणि कंस शब्दाला शब्द त्यात उतरला. नौगावचा गांजा बांगलादेशाने १९८७ मध्ये बंद केला. तिथल्या उत्पादकांची १९१७ पासूनची सहकारी संस्था एके काळी शाळा-दवाखाने चालवण्याइतकी सधन होती.

भांगेचा कारभार राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे राहिला. उत्तर प्रदेश, राजस्थानात ठेके; महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय भांगही गुन्हा. म्हणजे केंद्राच्या कंसातून सुटलेली पाने आपल्याकडे पुन्हा अडकतात, फक्त शिक्षेची जात वेगळी.

ती जात फार वेगळी आहे. गांजा एक किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान दहा वर्षे. त्यामुळे कोर्टात आता वनस्पतिशास्त्र चालते. पंचनाम्यात मुद्देमाल पंचवीस किलो. त्यात शेंडे किती, देठ किती, सुटी पाने किती? सगळे एकाच पोत्यात तोलले असेल तर वकील कंसावर बोट ठेवतो आणि अनेकदा जामीन मिळवतो. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने २९ किलो भांग सापडलेल्या आरोपीला जामीन दिला, तो भांग गांजाच्या व्याख्येत येत नाही या आधारावर. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालाचा हवालाही त्यात आहे. पोद्दार शेतात जे करत असे ते आता तराजूपाशी चालते, फरक इतकाच की इथे चूक झाली तर माणसाची दहा वर्षे जातात.

२०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत मागल्या वर्षभरात या झाडाचे काही ना काही सेवन केलेले ३.१ कोटी लोक निघाले. २.२ कोटी भांगवाले, १.३ कोटी गांजा-चरसवाले, काही दोन्हींत. पुडी-दोन पुड्यांपुरत्या गांजासाठी यांतल्या कोणाला तुरुंगात घालणे मला मूर्खपणाचे वाटते. पण बाजार खुला करा म्हणणाऱ्यांनी ओ'शॉनेसीचा किंवा कमिशनचा गांजा पुढे करू नये. आज निवडक वाणांतून काढलेला माल त्यापेक्षा कितीतरी तीव्र असू शकतो आणि त्याचा कोवळ्या वयावर होणारा परिणाम १८९३ च्या साक्षींत सापडणार नाही. शिवाय परवाना पद्धतीला पहिल्यापासून चटक होती महसुलाची. राज्यांच्या तिजोऱ्या दारूवर कशा टेकल्या आहेत, ते दिसतेच.

दरम्यान कंस बाजूने उसवू लागला आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारताचे मत काढण्याच्या बाजूने पडले. उत्तराखंडने २०१८ पासून धाग्यासाठी लागवडीचे परवाने दिले, अट अशी की टीएचसी, म्हणजे गुंगी आणणारे ते द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत हवे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिया खाद्य म्हणून मान्य केल्या. त्या आता बरणीत भरून दुकानांत मिळतात. या नव्या नियमांना शेंडा कुठला आणि पान कुठले याच्याशी देणेघेणे नाही, ते प्रयोगशाळेतला आकडा विचारतात. १९८५ च्या कायद्यात तो आकडा कुठेच नाही, त्यामुळे तेच झाड कृषी खात्यात टक्क्यांनी आणि पोलीस ठाण्यात किलोने मोजले जाते.