दान, अर्ज आणि हिशेब : कुंडल परिसराचा एक धडा

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अंकात इतिहास द्यावयाचा तो बहुधा कुळांचा, कुलदैवतांचा व कर्त्या पुरुषांचा असतो. यंदा आम्ही निराळा विषय घेतला आहे. वसतिगृह, शिष्यवृत्ती, ग्रंथालय अशी लोकोपयोगी कामे उभारण्यासाठी आपल्या मुलखातील लोकांनी दात्यांकडे द्रव्य कसे मागितले, ते कोणत्या विश्वासावर मिळाले आणि त्यातून काय टिकले, याचा हा धावता आढावा आहे. विषय केवळ जिज्ञासेचा नाही. धर्मादाय विश्वस्तनिधीकडे अर्ज करण्याचा प्रसंग आला की बैठकीत दोन मते हटकून निघतात. एक म्हणते, मागणे हा कमीपणा आहे. दुसरे म्हणते, मिळत असेल तर ते आपल्या ज्ञातीपुरते घ्यावे. या दोन्ही मतांस इतिहासाचा आधार कितपत आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

आज पलूस तालुक्यात असलेले कुंडल 1948 मधील विलीनीकरणापर्यंत औंध संस्थानात होते. त्यानंतर 1949 साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या काळी दान म्हणजे मुख्यतः इनाम. देवालयाची पूजाअर्चा, दिवाबत्ती, अन्नछत्र यांसाठी राजाकडे विनंती जाई आणि राजा जमीन तोडून देऊन सनद करून देई. ही सनद जपणे किती महत्त्वाचे होते, ते इंग्रजी अमलात कळले. 1852 च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दख्खनच्या इंग्रजी मुलखातील इनामांची तपासणी केली, तेव्हा ज्यांच्या दप्तरात पुरावा नव्हता अशा कित्येकांची इनामे गेली. कागद न जपणाऱ्याचे पुण्यही बुडते, हा त्या काळाचा पहिला धडा होय.

मागणाऱ्याची पत कशात असते, याचे उदाहरण कुंडलच्या वेशीवरच आहे. बेळगावातील जागा सोडणे भाग पडल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे 32 एकर ओसाड जमीन दिली व दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. तेथे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. हा व्यवहार धर्मादायाचा नव्हे, हे खरे. तथापि बाळासाहेबांनी जे पाहिले ते प्रत्येक दाता पाहत असतो. मागणारा काय करू इच्छितो, ते करण्याची त्याची धमक आहे काय, आणि त्यापासून चार लोकांचे कल्याण होईल काय, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. निवडुंगाच्या माळावर पुढे कारखाना व वसाहत उभी राहिली, तेव्हा मागणाऱ्यास कमीपणा आला नाही व देणाऱ्याचे नावही राहिले.

आता दुसऱ्या मताकडे वळू. दान कोणापुरते असावे, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. पेशवाईतील दक्षिणा विद्वान ब्राह्मणांस मिळत असे आणि इंग्रजी अमलातही तो निधी कमीअधिक प्रमाणात चालू राहिला. 1849 साली पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या निधीतील काही रक्कम उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणारांस पारितोषिक म्हणून द्यावी व त्यात जातीचा भेद ठेवू नये. जुन्या मताच्या लोकांनी मोठी ओरड केली. तरी निधीचे दार त्या अर्जाने किलकिले झाले, ते पुन्हा पूर्ण मिटले नाही.

कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी निराळा मार्ग धरला. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढील वीस वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, पांचाळ, देवांग इत्यादी अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. दरबाराकडून जागा व अनुदान मिळे. चालविण्याचा भार त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांवर असे. ज्या समाजात शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, त्याला स्वतःची संस्था चालविण्याचे शिक्षण या योजनेने दिले. ज्ञातिसंस्थांचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु त्याच कोल्हापुरात एक विद्यार्थी या योजनेच्या पुढचा विचार करीत होता. भाऊराव पाटील हे जैन बोर्डिंगात राहत असत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले व त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हेच भाऊराव पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्याच्या घरातील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. 1919 साली कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. हरिजन सेवक निधीतून या वसतिगृहास वर्षाला 500 रुपये मिळू लागले. हे साहाय्य मोलाचे खरे. पण त्यापूर्वीच मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले होते आणि गावोगावच्या गृहिणी संस्थेसाठी मूठमूठ धान्य बाजूस ठेवीत होत्या. स्वतःची मूठ आधी उघडून मग दुसऱ्यापुढे हात करावयाचा, ही ती रीत होती.

या रीतीची परीक्षा 1948 साली झाली. सरकारवरील टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद झाले. पण विद्यार्थी, शिक्षक व रयत यांनी संस्था तोलून धरली, गाडगे महाराजांसारख्यांनी तिची बाजू घेतली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. एकाच दात्यावर विसंबलेली संस्था त्याची मर्जी फिरताच कोसळते. जिची मुळे लोकांत गेलेली असतात, ती उभी राहते.

स्वातंत्र्यानंतर या रीतीस कायद्याचे रूप आले. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने न्यासांची नोंदणी, हिशेब व त्यांची तपासणी बंधनकारक केली आणि देखरेखीसाठी धर्मादाय आयुक्त नेमले. त्याच अधिनियमास आता महाराष्ट्राचे नाव लागले आहे. पुढे 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने, त्यानंतर एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या वा जातीच्याच हितासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासांस करमाफी नाकारली; मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांसाठीचे न्यास तेवढे यातून वगळले. 1849 च्या अर्जदारांनी जे मागितले, त्याच दिशेने कायदाही शंभर वर्षांनी आला, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून आमच्या मते काही गोष्टी स्पष्ट होतात. अर्ज एका व्यक्तीच्या नावे न जाता मंडळाच्या ठरावानिशी जावा. त्यात काम कोणते, खर्चाचा अंदाज किती, लाभ किती जणांस होणार व आपला स्वतःचा वाटा किती, हे आकड्यांनिशी लिहावे. ज्या निधीकडे मागावयाचे त्याचा उद्देश आधी वाचावा. विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या पैशांतून सभागृहाची फरशी मागू नये. मिळालेली रक्कम ज्या कामासाठी मिळाली त्याच कामी लावावी आणि वर्ष संपताच पावत्यांसह हिशेब न मागता पाठवावा. पहिल्या अर्जापेक्षा पहिला हिशेबच दुसऱ्या अनुदानाची अधिक खात्रीची शिफारस असतो.

राहिला प्रश्न ज्ञातीपुरते मागण्याचा. आपल्या घरांतून जमलेल्या वर्गणीतून आपल्या मुलांस शिष्यवृत्ती द्यावी, यात गैर काही नाही. परंतु सार्वजनिक निधीतून अभ्यासिका उभारली, तर तिच्या दारावर जात विचारली जाऊ नये. कुंडल गावातील कोणत्याही घरचे मूल तेथे येऊन दिव्याखाली बसले, तर आपल्या मंडळाचे काही उणे होणार नाही. उलट पुढील अर्जात लिहावयास ती एक अभिमानाची ओळ होईल. सभासद कुटुंबांनी वार्षिक सभेत या प्रश्नाचा मोकळ्या मनाने विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.