मिनीचा जीर्णोद्धार आणि मेट्रोचें दान

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार हातीं घेणाऱ्या कारागिरापुढें एक प्रश्न नेहमींच उभा राहतो. निखळलेल्या दगडाच्या जागीं कोणता दगड बसवावा? खाणींतून नवा काढावा, कीं शेजारच्या ओसाड देवळाचा उचलून आणावा? नवा दगड जुन्यांत मिसळत नाहीं. जुना उचलावा, तर तें दुसरें देऊळ कायमचें नाहींसें होतें. इंग्लंडांत १९८० नंतरच्या काळांत नेमका हाच प्रश्न एका चिमुकल्या मोटारीच्या संबंधांत उत्पन्न झाला. जिचा जीर्णोद्धार करावयाचा ती मोटार म्हणजे मिनी, आणि जिचे अवयव त्याकरितां वापरण्यांत आले ती मेट्रो. विशेष हें कीं, मेट्रो ही मिनीची जागा घेण्याकरितांच जन्मास आली होती. ती जागा तिला पुरतेपणीं कधींच मिळाली नाहीं. मात्र अनेक मिनींच्या देहांत तिचें हृदय आजहि धडधडत आहे.

मिनीच्या जन्माची कथा सुएझच्या कालव्यापासून सुरू होते. १९५६ सालीं ईजिप्तनें कालव्याचें राष्ट्रीयीकरण केलें, त्यांतून युद्ध उद्भवलें, कालवा बंद पडला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरापासून इंग्लंडांत पेट्रोलचें नियंत्रित वाटप सुरू झालें. मोठ्या मोटारी परवडेनाशा झाल्या आणि बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या चिमण्या जर्मन गाड्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना तें दृश्य मुळींच रुचलें नाहीं. चार माणसें नीट बसतील अशी लहान, पण खरीखुरी मोटार तयार करण्याचें काम त्यांनीं अलेक इसिगोनिस यांच्यावर सोंपविलें. १९०६ सालीं स्मर्ना शहरीं जन्मलेले हे यंत्रज्ञ मॉरिस मायनर या गाडीच्या रचनेमुळें आधींच प्रसिद्धीस आले होते. लॉर्डसाहेबांची अट एकच होती: इंजिन मात्र कारखान्यांत तयार होत असलेल्यांपैकींच घेतलें पाहिजे.

इसिगोनिस यांनीं सुमारें दहा फुटांची लांबी कायम केली. इंजिन नेहमींप्रमाणें उभें न ठेवतां आडवें बसविलें, गिअरची पेटी त्याच्या पोटाखालीं तेलाच्या कुंडींतच घातली आणि ओढण्याचें काम पुढच्या चाकांकडे दिलें. चाकें अवघीं दहा इंचांचीं. त्यांवर पोलादी स्प्रिंगांऐवजीं अलेक्स मोल्टन यांनीं योजिलेले रबराचे शंकू. या योजनेमुळें लांबीचा बहुतेक भाग माणसें व सामान यांच्या वाट्यास आला. २६ ऑगस्ट १९५९ रोजीं ही मोटार ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस मिनी-मायनर अशा दोन नांवांनीं प्रसिद्ध झाली. इंजिन ८४८ सी. सी. चें, शक्ति ३४ अश्वबळांची आणि किंमत करासह पांचशें पौंडांच्या आंत.

पुढील सारा इतिहास या इंजिनावर अवलंबून आहे, म्हणून त्याची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. तें मिनीकरितां घडविलेलें नव्हतें. ‘ए-सीरीज’ या नांवानें ओळखलें जाणारें हें इंजिन १९५१ सालीं ऑस्टिन ए-३० या गाडींत ८०३ सी. सी. च्या रूपानें प्रथम आलें. म्हणजे मिनीनें आपलें हृदय पहिल्या दिवसापासूनच दुसऱ्याच्या घरून आणलें होतें. या इंजिनाचा मोठा गुण असा कीं, बाहेरची घडण फारशी न बदलतां आंतील पोकळी वाढवितां येत असे. ८४८ सी. सी. च्या इंजिनांत सिलिंडरचा व्यास ६२.९ मिलिमीटर होता. तो पुढें ७०.६ मिलिमीटरपर्यंत गेला. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांनीं या छोट्या गाडींतील सामर्थ्य ओळखलें. १९६१ सालीं ९९७ सी. सी. ची मिनी कूपर निघाली, तर १९६४ सालीं १२७५ सी. सी. ची कूपर एस. माँटे कार्लोची बर्फाळ घाटांतील कठीण शर्यत मिनीनें १९६४, १९६५ व १९६७ अशी तीन वेळां जिंकली. १९६६ सालींहि पहिले तीन क्रमांक तिचेच होते. परंतु पुढच्या दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून परीक्षकांनीं ते रद्द केले.

अशा कीर्तिमान गाडीचा वैरी दारूगोळा किंवा प्रतिस्पर्धी नव्हता. तो होता साधा गंज. मिनीला निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याचें कवच हाच तिचा सांगाडा. हे पत्रे जेथें एकमेकांस जोडले जातात ते सांधे खर्च वांचविण्याकरितां बाहेरच्या अंगास ठेवलेले होते. इंग्लंडांतील ओली हवा आणि हिवाळ्यांत बर्फ वितळण्यासाठीं रस्त्यांवर टाकलेलें मीठ या सांध्यांत शिरलें. दारांखालील पोकळ पट्ट्या, पायांखालची जमीन आणि मागचीं चाकें जिच्यावर बसविलेलीं असतात ती पोलादी चौकट, हे भाग आंतून पोखरले गेले. वरून रंग चकाकतो आहे आणि खालीं पत्र्याची चाळण झाली आहे, अशी अवस्था कित्येक मिनींची झाली.

इकडे कारखान्यालाहि मिनीच्या वार्धक्याची चिंता लागली होती. स्वतः इसिगोनिस यांनीं १९६७ नंतर ‘नाइन-एक्स’ नांवाचा तिचा वारस तयार केला होता. त्याला मागें वर उचललें जाणारें दार होतें; अशा, मागची कांच व झांकण एकत्र उघडणाऱ्या गाडीला पुढें हॅचबॅक हें नांव रूढ झालें. तो प्रयोग बासनांत गुंडाळला गेला. इटलींतील इन्नोसेंती कंपनीनें १९७४ सालीं मिनीच्याच यंत्रांवर हॅचबॅक काढली, पण लाँगब्रिजच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मिनीला तें दार कधींच लाभलें नाहीं. अखेर ८ ऑक्टोबर १९८० रोजीं ऑस्टिन मिनी मेट्रो जनतेपुढें आली. मागें रुंद दार, आंत ऐसपैस जागा, दिसावयास सुबक. आतां मिनीचे दिवस भरले असें जाणत्यांसहि वाटलें. परंतु पैशाच्या ओढगस्तीमुळें या नव्या गाडींत इंजिन घालण्यांत आलें तें जुनेंच, ए-सीरीज, थोडें सुधारलेलें. गिअरची पेटीहि तशीच, इंजिनाच्या पोटाखालीं. एका काटकसरींतून वारसाचे अवयव पूर्वजाला जुळण्यासारखे झाले.

बहुसंख्य मिनी ८४८ किंवा ९९८ सी. सी. च्या होत्या. मेट्रोंत १२७५ सी. सी. चें इंजिन मिळत असे. १९८२ सालच्या एम. जी. मेट्रोंत त्याची शक्ति ७२ अश्वबळांपर्यंत नेली होती आणि तिच्याच टर्बो प्रकारांत ९३ पर्यंत. एके काळीं कूपर एस या महागड्या गाडीच्या धन्यालाच जें सुख मिळत असे, तें आतां मोडीच्या आवारांत पडलेल्या मेट्रोच्या पोटांत होतें. कारण मेट्रोलाहि गंज चढत होता, आणि तिच्यावर माया करणारे लोक थोडे होते. मिनीच्या भक्तांनीं ही संधि साधली. दधीचीनें इंद्राच्या वज्राकरितां आपल्या अस्थी स्वेच्छेनें दिल्या. मेट्रोला कोणीं विचारलें नाहीं एवढाच फरक.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. अनुभवी कारागीर प्रथम इंजिनाकडे पाहात नाहीं. तो पत्र्याकडे पाहतो. पडक्या घरांत नवी चूल मांडून काय उपयोग? दारांखालील सडलेल्या पट्ट्या कापण्यापूर्वीं दारांच्या चौकटींत आडवे लोखंडी टेकू तात्पुरते जोडावे लागतात. नाहींतर पट्टी कापतांच कवच वांकतें आणि मग दारें कधींच नीट लागत नाहींत. नवा पत्रा जोडून, सांधे बुजवून, गंजरोधक रंग चढल्यावरच इंजिनाची पाळी येते. मेट्रोचें इंजिन गिअरच्या पेटीसकट उचलून मिनीच्या पुढच्या चौकटींत उतरवितात. तेथेंहि अडचणी असतातच. मेट्रोंत पाणी थंड करणारा रेडिएटर गाडीच्या तोंडाशीं असतो. जुन्या मिनींत तो डाव्या बाजूस, चाकाच्या कमानीलगत असतो. त्यामुळें नळ्यांची व पंख्याची मांडणी बदलावी लागते. दांतेचक्रांचें प्रमाण निराळें असल्यास वेग दाखविणारा कांटा खोटें बोलूं लागतो. तोहि दुरुस्त करावा लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. १९५९ च्या मिनीला सात इंचांचे ड्रम ब्रेक होते. ३४ अश्वबळांच्या गाडीस ते कसेबसे पुरत. दुप्पट शक्तीचें इंजिन घालून ब्रेक तेच ठेवणें म्हणजे उधळ्या घोड्यास सुतळीचा लगाम लावणें होय. म्हणून मेट्रोचे ८.४ इंचांचे डिस्क ब्रेकहि मिनींत येतात. पण दहा इंचांच्या मूळ चाकांत ते मावत नाहींत. मग चाकें बारा इंचांचीं हवींत. चाकें वाढलीं कीं टायर कमानीस घांसतात. मग कमानी रुंद कराव्या लागतात. याप्रमाणें एक बदल दुसऱ्यास जन्म देतो. कारखान्यानेंहि १९८४ सालीं मिनीला बारा इंचांचीं चाकें, ८.४ इंचांचे डिस्क ब्रेक आणि रुंद कमानी दिल्या, यावरून हौशी मंडळींची दिशा चुकीची नव्हती हें सिद्ध होतें.

इतकेंच नव्हे, तर जें काम मागच्या अंगणांत चाललें होतें तेंच पुढें राजमार्गानें झालें. १९८९ सालीं इ. आर. ए. या कंपनीनें एम. जी. मेट्रो टर्बोचें इंजिन घातलेली मिनी विक्रीस काढली. १९९० सालीं मेट्रोला अगदीं नव्या घडणीचें ‘के-सीरीज’ इंजिन मिळालें, आणि त्याच वर्षीं १२७५ सी. सी. चें ए-सीरीज इंजिन लावून मिनी कूपर पुन्हां अवतरली. वारसानें टाकून दिलेलें हृदय पूर्वजानें राजरोस धारण केलें.

आतां प्रश्न असा कीं, इतकें बदलल्यावर ती गाडी तीच राहते काय? ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्यानें या तत्त्वज्ञानाच्या कोड्याचें उत्तर अनेक वर्षें अंकगणितानें दिलें. मूळ अथवा न बदललेल्या नव्या कवचास पांच गुण. आंस, चाकांवरील स्प्रिंग इत्यादि भाग, गिअर-योजना व सुकाणूची यंत्रणा यांना प्रत्येकीं दोन. आणि इंजिनास अवघा एक. आठ गुण टिकले तर जुना नोंदणी-क्रमांक राहील, न टिकले तर जाईल. लोक ज्याला गाडीचें हृदय म्हणतात त्याला कायद्यानें सर्वांत कमी किंमत दिली. गाडीचा आत्मा त्यानें पत्र्यांत पाहिला. २०२५ च्या ऑगस्टांत हें धोरण सैल करण्यांत आलें. परंतु त्या हिशेबांतील मर्म विचार करण्याजोगें आहे.

अंकगणितानें मात्र प्रामाणिकपणा मोजतां येत नाहीं. साध्या मिनींत मेट्रोचें १२७५ सी. सी. चें इंजिन घालावें, वर कूपर एसचीं अक्षरें चिकटवावीं आणि मोठ्या किंमतीस विकावी, असा मोह कित्येकांना होतो. जाणता ग्राहक अशा वेळीं इंजिनाच्या मागच्या अंगास हात घालतो. जुन्या कूपर एसच्या ठोकळ्यास तेथें काढतां येणारीं झांकणें असतात; मेट्रोच्या ठोकळ्यास तीं नसतात. ओतीव लोखंड खोटी साक्ष देत नाहीं. दोष अवयव बदलण्यांत नाहीं, तो लपविण्यांत आहे.

दोन्ही गाड्यांचा शेवट विलक्षण झाला. १९९४ च्या अखेरीस मेट्रोचें नांव रोव्हर १०० झालें. १९९७ सालीं युरोपांतील नव्या टक्कर-परीक्षेंत तिला केवळ एक तारा मिळाला आणि १९९८ सालीं तिचें उत्पादन थांबलें. वीस लाखांहून अधिक गाड्या तोंवर तयार झाल्या होत्या. जिची जागा ती घेणार होती ती मिनी तिच्याहि मागें उरली. शेवटची मिनी ४ ऑक्टोबर २००० रोजीं लाँगब्रिज येथून बाहेर पडली, तेव्हां एकूण संख्या ५३ लाख ८७ हजारांवर गेली होती.

आज मिनीला नव्या पत्र्याची वाण नाहीं. विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मिनीचें संपूर्ण कवच नव्यानें तयार करून देते. मेट्रोला असा आश्रय नाहीं. १९९० पूर्वींची, धड अवस्थेंतील मेट्रो आतां क्वचितच आढळते. ज्या मोटारीनें इतकीं हृदयें दिलीं, तिचाच जीर्णोद्धार करूं पाहणारे थोडे लोक इंग्लंडांत निर्माण झाले आहेत, आणि त्यांना दाता सांपडत नाहीं. म्हणून जाणते कारागीर आतां एक मर्यादा पाळतात: जी मेट्रो रस्त्यावर पुन्हां येऊंच शकत नाहीं तिचेच अवयव घ्यावे, चालत्या गाडीवर करवत चालवूं नये, आणि मिनीच्या कागदपत्रांत, धन्याच्या नांवाबरोबर, ज्या गाडीचें इंजिन घेतलें तिचा क्रमांकहि लिहून ठेवावा. जीर्णोद्धार केलेल्या देवळाच्या भिंतींत शिलालेख बसविण्याची चाल आहे. त्यांत दान देणाऱ्याचें नांव खोदलेलें असतें. मिनीच्या भक्तांनीं मेट्रोचें एवढें ऋण मान्य करावयास हरकत नाहीं.