शुक्रवार की शनिवार?

शिवाजी महाराज सिंहासनारूढ झाले तो वार कोणता? जेधे शकावली सांगते : शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असता. रायगडी हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाच्या गणनेने ती ६ जून १६७४, म्हणजे शनिवार. विरोध केवळ भासतो. आपला वार सूर्योदयाला पालटतो, इंग्रजांचा मध्यरात्री.

खरा घोटाळा पुढेच आहे. इंग्रज तेव्हा जुनी ज्युलियन गणना पाळीत. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली केलेली सुधारणा त्यांनी १७५२ साली स्वीकारली, आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ तारीख उजाडली! आता संगणकाच्या माहितीकोशात ‘६ जून १६७४’ घालून वार विचारावा, तर पोस्टग्रेस बुधवार सांगतो. तो सुधारित गणनाच मागे ताणीत नेतो, आणि तिच्यात राज्याभिषेकाचा दिवस १६ जून होय. एसक्यूएल सर्व्हरचा जुना ‘डेटटाइम’ प्रकार तर १७५३ पूर्वीची तारीख घेतच नाही. राज्याभिषेक त्याच्या दारातच अडतो. जुनी दप्तरे यंत्रात उतरवणाऱ्याने म्हणूनच मूळ मिती अक्षरशः एका रकान्यात लिहावी, रूपांतरित तारीख दुसऱ्यात, आणि गणना कोणती ते तिसऱ्यात.