रक्तवाढीची लाल गोळी मधेच सोडू नका

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रांत लोहाची लाल गोळी मोफत मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस, बाळंतपणानंतरही तेवढेच. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात.

गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं. घाबरून बंद करू नये, जेवणानंतर घ्यावी. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवावी. लिंबूपाण्याने लोह चांगलं लागू पडतं.

महिन्याने रक्त पुन्हा तपासावं. वाढलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत गोळी चालू ठेवा, अंगात साठा व्हायला वेळ लागतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळीवर न थांबता रुग्णालय गाठा.