वाकळीचें कालमान

परंड्याचा इतिहास लिहूं जातां लेखणी प्रथम किल्ल्याकडे वळते. मलिक-इ-मैदान तोफ येथूनच १६३२ त विजापुरास गेली. तिजवर ओतणाराचें नांव व साल कोरलेलें आहे. घरोघरच्या वाकळीवर मात्र ना नांव, ना शक. म्हणून संशोधकांची दृष्टि तिजकडे जात नाहीं. तथापि तिचाही काळ ठरवितां येतो.

वाकळ म्हणजे संस्कृतांतील कंथा. चर्पटपंजरिका स्तोत्रांत वाटेवरील चिंध्यांच्या कंथेचा उल्लेख आहे. आपल्याकडे जुन्या लुगड्याचें अस्तर घालून त्यावर खण, धोतर, बंडी यांचे चौकोनी तुकडे मांडतात व कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जातात.

येथें नियम असा कीं, मूळ शिवणींतील सर्वांत नव्या तुकड्याच्या पूर्वीची ती वाकळ असूं शकत नाहीं. पर्किननें कृत्रिम जांभळा रंग १८५६ त शोधला. सोलापूरची जुनी गिरण १८७७ त सुरू झाली. तो रंग किंवा त्या गिरणीचा छाप मूळ शिवणींत आढळला, कीं पूर्वमर्यादा निश्चित झाली. जुना तुकडा मात्र वाकळीचें प्राचीनत्व सिद्ध करीत नाहीं, कारण नव्या वाकळींत जुनेंच कापड जातें. मागाहून लावलेलें ठिगळ हें तर पोथींतील क्षेपकच. त्याचा दोरा निराळा असल्यास तें मूळ शिवणींत धरूं नये.

पोथी ठेवून तिचा रुमाल टाकणाऱ्या संग्राहकांस विनंति इतकीच, कीं वाकळ हातीं आल्यास तिचें गांव, घर व शिवणारणीचें नांव आधीं टिपून घ्यावें. कागदास कसर लागते. वाकळ तर धुण्यानेंच विरते.